छातीतील कळ आणि महिन्याची तारीख

शरीराच्या निरनिराळ्या भागांत उठणाऱ्या वेदनांना समाजाने जणू निरनिराळे दर्जे देऊन ठेवले आहेत. डोके दुखणे ही रोजच्या व्यवहारातली गोष्ट. पोट दुखणे हा खाण्यापिण्यातील चुकीचा दंड. परंतु छातीत कळ आली की माणूस हातातले काम टाकून खाली बसतो आणि घरची माणसे धावपळ करू लागतात. ही धावपळ मात्र सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. पन्नाशीच्या पुरुषाच्या छातीत दुखू लागले, तर हृदयाचा विचार आधी होतो. पस्तिशीच्या स्त्रीने तीच तक्रार केली, तर उसण भरली असेल, गॅस धरला असेल, जागरण झाले असेल, मनाला काही लागले असेल, अशी उत्तरे घरातल्या घरातच तयार असतात. ही उत्तरे पुष्कळदा बरोबरही ठरतात. पण काही थोड्या स्त्रियांच्या बाबतीत त्या कळेमागे एक वेगळीच घटना घडलेली असते. त्यांचे एक फुप्फुस थोडेबहुत मिटलेले असते. आणि ते कधी मिटावे, याचा संबंध त्यांच्या मासिक पाळीशी असतो.

उदाहरणादाखल अशा एका स्त्रीची कल्पना करावी. ती चौतीस वर्षांची आहे आणि शाळेत शिकविते. पाळीच्या दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिण्यासाठी तिने हात वर केला, तोच उजव्या बरगड्यांखाली चमक निघाली आणि खांद्यापर्यंत गेली. जिना चढताना दम लागला. घरी सासूबाईंनी तेल चोळले, शेक दिला, आणि चार दिवसांत दुखणे ओसरले. पुढच्या महिन्यात काही झाले नाही. त्यापुढच्या महिन्यात मात्र तीच कळ, तीच बाजू, तोच खांदा. सुट्टी पाहून ती आठ-दहा दिवसांनी डॉक्टरांकडे गेली. एक्स-रे काढला, तो स्वच्छ निघाला. पाळी कधी आली होती, हे डॉक्टरांनी विचारले नाही. आणि छातीच्या दुखण्यात ती गोष्ट सांगण्यासारखी आहे, असे तिला वाटले नाही. ही स्त्री काल्पनिक असली, तरी तिच्या दुखण्याचा हा क्रम वैद्यकाच्या नोंदींत पुन्हा पुन्हा आढळणारा आहे. तो समजून घ्यावयाचा, तर प्रथम फुप्फुस मिटते म्हणजे काय होते, हे पाहिले पाहिजे.

फुप्फुस स्वतःच्या बळावर फुगत नाही. त्याची घडण ताणलेल्या रबरासारखी असून त्याची ओढ सदैव आत आकसण्याकडे असते. उलट छातीच्या पिंजऱ्याची ओढ बाहेरच्या बाजूस असते. या दोन विरुद्ध ओढींच्या मध्ये परिफुप्फुस नावाचे एक दुपदरी, पातळ आवरण असते. त्याचा एक पदर फुप्फुसाला चिकटलेला, दुसरा बरगड्यांच्या आतील अंगाला. आणि दोन पदरांच्या मध्ये ओलाव्याची एक अत्यंत पातळ फिल्म. ओल्या केलेल्या दोन काचा एकमेकींवर ठेवल्या, तर त्या सरकतात, पण ओढून वेगळ्या करणे कठीण जाते. तशीच काहीशी स्थिती येथे असते. या पदरांमधील दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी, म्हणजे शांत श्वासाच्या अखेरीस सुमारे ५ सेंटिमीटर पाण्याच्या दाबाइतका कमी असतो. एवढ्याशा फरकावर फुप्फुस आयुष्यभर उमललेले राहते. परंतु कोठून तरी या पदरांच्या मध्ये हवा शिरली, की तो फरक नाहीसा होतो आणि फुप्फुस आपल्या स्वभावाप्रमाणे आकसू लागते. या अवस्थेला वातवक्ष म्हणतात. हवा थोडी असेल, तर फुप्फुसाची केवळ कड सुटते आणि चमक मारून दम लागतो. हवा बरीच असेल, तर त्या बाजूचे श्वसन जवळजवळ थांबते.

हा विकार वैद्यांना दीर्घकाळ परिचित आहे. त्याला नाव मिळाले ते १८०३ साली, इतार या फ्रेंच वैद्याकडून. छातीवर ठेवण्याच्या नळीचा, म्हणजे स्टेथोस्कोपचा, जनक लाएनेक याने १८१९ सालच्या आपल्या ग्रंथात त्याची लक्षणे तपशीलवार वर्णिली. त्या काळी छातीत हवा शिरण्याचे मुख्य कारण क्षयरोग हेच समजले जाई. पुढे याच विकाराचा उपचार म्हणूनही उपयोग झाला. क्षयाने पोखरलेल्या फुप्फुसाला विश्रांती मिळावी, म्हणून बरगड्यांतून सुई घालून मुद्दाम हवा भरण्याची पद्धत कार्लो फोर्लानिनी या इटालियन वैद्याने १८८२ साली सुचविली आणि नंतर ती प्रत्यक्षात आणली. भारतातील क्षयरोगाच्या आरोग्यधामांतही ती प्रचलित होती. १९४४ साली स्ट्रेप्टोमायसीनचा शोध जाहीर झाला आणि नंतरच्या औषधांनी तिला मागे सारले. क्षय नसलेल्या, वरवर निरोगी दिसणाऱ्या माणसाचे फुप्फुसही आपोआप मिटू शकते, हे ठसविण्याचे श्रेय बव्हंशी डेन्मार्कमधील क्येरगोर या वैद्याच्या १९३२ सालच्या प्रबंधाला दिले जाते.

अशा आपोआप होणाऱ्या वातवक्षाचे एक ठरीव चित्र तेव्हापासून वैद्यकाच्या पुस्तकांत आहे. रोगी तरुण, उंच, सडपातळ आणि बहुधा पुरुष. अनेकदा धूम्रपान करणारा. फुप्फुसाच्या शेंड्याशी असलेला बारीक फोड फुटतो आणि हवा बाहेर पडते. चित्र चुकीचे नाही. हा विकार पुरुषांत स्त्रियांपेक्षा कितीतरी अधिक आढळतो. परंतु ठरीव चित्राचा एक दोष असा, की त्याच्या चौकटीत न बसणारा रोगी डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. चौतीस वर्षांची शिक्षिका त्या चौकटीत बसत नव्हती.

ही चौकट प्रथम मोडली ती १९५८ साली. त्या वर्षी मॉरर, शाल आणि मेंडेझ या तिघा डॉक्टरांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या मुखपत्रात एका स्त्रीची हकिकत प्रसिद्ध केली. तिचे उजवे फुप्फुस पुन्हा पुन्हा मिटत असे, आणि प्रत्येक वेळेचा मेळ तिच्या पाळीशी बसत असे. छाती उघडून पाहिली, तेव्हा दोष सापडला तो फुप्फुसाच्या खाली, मध्यपटलात. छाती आणि पोट यांना वेगळे करणारा, घुमटासारखा स्नायूचा पडदा म्हणजे मध्यपटल. त्या पडद्यावर गर्भाशयाच्या अस्तरासारखे ऊतक रुजलेले होते. जेथे त्या अस्तराचे काही काम नाही, अशा ठिकाणी ते वाढले होते. पुढे १९७२ साली लिलिंग्टन आणि त्याचे सहकारी यांनी या प्रकाराला स्वतंत्र नाव दिले. ‘कॅटामेनियल’ हे ते विशेषण. त्याच्या मुळाशी महिना या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. मराठीत त्याला ऋतुकालीन वातवक्ष म्हणता येईल.

गर्भाशयाचे अस्तर छातीच्या उंबरठ्यावर कसे पोहोचावे, हा प्रश्न साहजिकच पुढे येतो. गर्भाशयाचे अस्तर दर महिन्याला हार्मोनांच्या आज्ञेने जाड होते आणि गर्भ न राहिल्यास गळून रक्ताबरोबर बाहेर पडते. हेच ऊतक गर्भाशयाबाहेर कोठे तरी रुजले, तर त्या विकारास एंडोमेट्रिऑसिस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना, म्हणजे जगभरात सुमारे १९ कोटी मुली व स्त्रियांना, तो असतो. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन सॅम्पसन याने १९२७ साली त्याचे असे स्पष्टीकरण मांडले, की पाळीच्या वेळी थोडे रक्त अंडवाहिन्यांतून उलट दिशेने पोटाच्या पोकळीत जाते आणि त्याबरोबर गेलेले अस्तराचे कण तेथे रुजतात. असा उलटा प्रवाह बहुसंख्य स्त्रियांत होत असतो, हे पुढील निरीक्षणांनी दाखविले आहे. रोग मात्र त्यांपैकी थोड्यांनाच होतो. म्हणजे बीज सर्वत्र पडते, पण ते सर्वत्र उगवत नाही. जमीन काही ठिकाणीच त्याला अनुकूल का होते, याचे उत्तर शरीराच्या प्रतिकारशक्तीत, आनुवंशिकतेत आणि हार्मोनांत शोधले जात आहे.

हे ऊतक बहुधा ओटीपोटातच राहते. परंतु पोटाच्या पोकळीतील द्रव स्थिर नसतो. श्वासाबरोबर मध्यपटल वर-खाली होते, आतडी हालतात, आणि त्या हालचालींनी हा द्रव उजव्या अंगाने वर चढतो. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूची खोबण त्याला मोकळी वाट देते. वर पोहोचल्यावर यकृताच्या पुढच्या अंगाला असलेला, विळ्याच्या आकाराचा पातळ पडदा त्याला डावीकडे जाऊ देत नाही. त्यामुळे द्रवाबरोबर आलेले कण यकृत आणि उजवे मध्यपटल यांच्या फटीत अडकून राहतात. ऋतुकालीन वातवक्षाच्या दर शंभर रोगिणींपैकी सुमारे नव्वद जणींचे उजवेच फुप्फुस मिटते, या वरवर चमत्कारिक वाटणाऱ्या गोष्टीचा उलगडा असा होतो.

मध्यपटलावर रुजलेले हे ऊतक आपला मूळ स्वभाव सोडत नाही. गर्भाशयातील अस्तर ज्या दिवशी सुजते आणि गळते, त्याच दिवशी तेही सुजते आणि गळते. असे महिनोन् महिने होत राहिले, म्हणजे पडद्याला बारीक छिद्रे पडतात. काही छिद्रे सुईच्या अग्राएवढी, तर काही त्याहून मोठी असतात. मग हवा कोठून येते? एका मतानुसार ती बाहेरूनच येते. एरवी गर्भाशयाच्या मुखाशी चिकट स्रावाची गुठळी बसलेली असते. पाळीच्या दिवसांत ती नसते. त्या वाटेने हवा गर्भाशयात, तेथून अंडवाहिन्यांतून पोटात आणि मध्यपटलाच्या छिद्रांतून छातीत शिरते. हे ऐकताना कोणालाही शंका यावी; परंतु काही रोगिणींच्या पोटातही त्याच वेळी मोकळी हवा आढळली आहे, आणि अंडवाहिन्या बांधल्यावर किंवा गर्भाशय काढल्यावर काहींचा त्रास थांबला आहे. उलट काहींचा त्रास त्यानंतरही चालू राहिला, आणि काहींच्या मध्यपटलात छिद्र सापडलेच नाही. म्हणून आणखी दोन कारणे मानली जातात. अस्तराचे कण रक्तातून वाहत जाऊन फुप्फुसाच्या पृष्ठभागावरच रुजतात आणि पाळीच्या वेळी तेथे भोक पडते, हे एक. पाळीच्या काळात वाढणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यामुळे श्वासनलिका आणि रक्तवाहिन्या आकसतात आणि एखादा दुबळा वायुकोश फुटतो, हे दुसरे. सर्व रोगिणींना एकच कारण लागू पडत नाही, असे आजचे वैद्यक मानते.

छातीचे दुखणे खांद्यापर्यंत का जावे, याचेही उत्तर मध्यपटलातच आहे. या पडद्याची संवेदना वाहून नेणारी मज्जा मानेतून निघते, आणि खांद्याच्या त्वचेची संवेदनाही मानेच्या त्याच भागात पोहोचते. त्यामुळे मध्यपटल डिवचले गेले, तरी मेंदूला खांदा दुखतो असा निरोप मिळतो. अशी स्त्री खांद्याला मलम लावते, उशी बदलते, धुणे पिळताना हात आखडला असेल असे समजते. मूळ दुखणे खांद्यापासून वीतभर खाली असते. दर पाळीला उजवा खांदा दुखणे ही पुष्कळदा फुप्फुस मिटण्याच्याही आधीची सूचना असते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

रोग ओळखण्याची मुख्य कसोटी कोणत्याही यंत्रात नाही. ती कालगणनेत आहे. पाळी सुरू होण्याच्या आदल्या दिवसापासून ती सुरू झाल्यानंतरच्या ७२ तासांपर्यंत फुप्फुस मिटले, आणि असे एकाहून अधिक वेळा झाले, तर हा प्रकार संभवतो. एकदाच मेळ बसला तर तो योगायोग असू शकतो. अठ्ठावीस दिवसांच्या चक्रात हे चार दिवस म्हणजे सातवा हिस्सा. तेव्हा कोणतीही कळ निव्वळ योगायोगाने या दिवसांत येण्याचा संभव सातांत एक. पण दोनदा तसे होण्याचा संभव एकोणपन्नासांत एक, आणि सलग तीनदा होण्याचा तीनशे त्रेचाळिसांत एक इतका कमी होतो. साध्या गुणाकाराने संशयाचे रूपांतर जवळजवळ खात्रीत होते. मात्र त्यासाठी दोन तारखा शेजारी शेजारी लिहिलेल्या असाव्या लागतात: एक पाळीची आणि दुसरी दुखण्याची. प्रत्येक महिन्याला त्रास होतोच असे नाही, हेही ध्यानात ठेवावयास हवे. मधले दोन महिने निर्वेध गेले, म्हणून मेळ मोडला असे होत नाही.

एक्स-रेही योग्य दिवशी काढला पाहिजे. थोडी हवा शरीर आपोआप शोषून घेते आणि फुप्फुस पुन्हा पसरते. त्यामुळे दहा दिवसांनी काढलेला एक्स-रे स्वच्छ निघणे हा रोग नसल्याचा पुरावा नव्हे. पावसाळ्यात गळणाऱ्या छपराची पाहणी उन्हाळ्यात करण्यासारखेच ते आहे. याच कारणामुळे पुष्कळ शल्यचिकित्सक दुर्बिणीतून छातीची तपासणी करावयाची झाल्यास ती पाळीच्या दिवसांच्या सुमारास करणे पसंत करतात; एरवी फिकट असणारे ठिपके त्या दिवसांत तांबूस-जांभळे होऊन नजरेस पडतात. सीटी आणि एमआरआय या तपासण्यांचे साहाय्य होते, पण बारीक छिद्रे त्यांनाही चुकवितात.

हा विकार किती दुर्मिळ आहे? जुन्या पुस्तकांत आपोआप वातवक्ष होणाऱ्या स्त्रियांपैकी ३ ते ६ टक्के असा आकडा आढळतो. परंतु २००३ साली पॅरिसमधील अलिफानो आणि सहकारी यांनी वातवक्षासाठी शस्त्रक्रिया झालेल्या ३२ स्त्रियांची हेतुपूर्वक विचारपूस केली, तेव्हा त्यांतील ८ जणींचा विकार पाळीशी निगडित निघाला. म्हणजे चारांत एक. या रोगिणी शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचलेल्या, म्हणजे ज्यांचा त्रास उलटत होता अशा होत्या. तेव्हा हे प्रमाण सरसकट सर्वांना लावता येणार नाही. तरीही दोन आकड्यांमधील एवढ्या अंतराचा एक भाग केवळ विचारपूस केल्याने पडला, हे उघड आहे. ज्या रोगाची चौकशीच होत नाही, तो कागदोपत्री नेहमी दुर्मिळच राहतो.

भारतात या चौकशीच्या वाटेत आणखी एक अडथळा आहे. येथे क्षयरोग अजून मोठ्या प्रमाणात आहे आणि डॉक्टरांचे लक्ष प्रथम त्याकडे जाणे योग्यच आहे. एंडोमेट्रिऑसिस छातीत पोहोचला, म्हणजे केवळ हवाच भरते असे नाही. काहींच्या छातीत रक्तमिश्रित पाणी होते, तर काहींच्या खोकल्यातून पाळीच्या दिवसांत रक्त पडते. तिशीतली स्त्री, छातीत पाणी, खोकल्यातून रक्त, एवढे ऐकल्यावर क्षयाची औषधे सुरू व्हावीत, यात नवल नाही. थुंकीची तपासणी निर्दोष येऊनही महिनोन् महिने ती औषधे घेत राहिलेल्या आणि पाळीशी असलेला संबंध मागाहून कळलेल्या रोगिणींच्या हकिकती भारतीय वैद्यकीय नियतकालिकांतून आल्या आहेत.

याहून मोठा अडथळा संकोचाचा. मराठी घरांत पाळीला सरळ नावाने संबोधण्याचे टाळले जाई. कावळा शिवला, अडचण आहे, बाहेर बसली, असे शब्द वापरून ती गोष्ट सांगितली जाई आणि तितक्याच लगबगीने झाकलीही जाई. बाहेर बसण्याची रूढी पुष्कळ घरांतून गेली, पण तिने जिभेवर घातलेला निर्बंध तितक्या वेगाने गेलेला नाही. १८८३ च्या फेब्रुवारीत बंगालमधील श्रीरामपूर येथे आनंदीबाई जोशी यांनी आपण वैद्यकाच्या शिक्षणासाठी अमेरिकेस का जात आहोत, हे भर सभेत सांगितले. स्त्रियांना पुरुष वैद्यांकडून उपचार करून घेण्याचा संकोच वाटतो, म्हणून या देशाला स्त्री-डॉक्टरांची गरज आहे, असे त्यांच्या भाषणातील एक मुख्य कारण होते. त्या १८८६ साली डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात निवर्तल्या. त्यांनी सांगितलेली उणीव आज पुष्कळ अंशी भरून निघाली आहे. शहरोशहरी स्त्री-डॉक्टर आहेत. पण स्त्री-डॉक्टर भेटणे आणि नेमका प्रश्न विचारला जाणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. स्त्रीरोग विभागात शेवटच्या पाळीची तारीख हा पहिलाच प्रश्न असतो. एक्स-रे काढणारा तंत्रज्ञही, गर्भ असल्यास त्याला इजा होऊ नये, म्हणून ती विचारतो. छातीच्या विभागात मात्र तो प्रश्न सहसा येत नाही. शरीराचे विभाग रुग्णालयाने आपल्या सोयीसाठी पाडले आहेत. रोगाला ते ठाऊक नसतात.

निदान झाल्यावर उपचार आहेत, आणि ते दुहेरी आहेत. पहिला उपचार छातीचा. हवा थोडी असेल, तर केवळ देखरेख पुरते. अधिक असेल, तर सुईने किंवा बरगड्यांतून नळी घालून ती काढून घेतात. त्रास उलटत असेल, तर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून मध्यपटलावरील रुजलेले ऊतक आणि छिद्रे असलेला भाग काढतात, पडदा शिवतात, कधी त्यावर जाळीचे ठिगळ लावतात, आणि परिफुप्फुसाचे दोन्ही पदर एकमेकांना कायमचे चिकटतील अशी योजना करतात. दुसरा उपचार ऋतुचक्राचा. शस्त्रक्रियेनंतर काही महिने हार्मोनांची औषधे देऊन पाळी थांबविली जाते, म्हणजे नजरेतून सुटलेले कण पुन्हा उचल खाणार नाहीत आणि शिवलेल्या जागेला भरून येण्यास अवधी मिळेल. यांपैकी एकाच उपचारावर भिस्त ठेवली, तर रोग उलटण्याचा धोका वाढतो. साध्या वातवक्षापेक्षा हा प्रकार शस्त्रक्रियेनंतरही अधिक वेळा उलटतो. म्हणून छातीचे शल्यचिकित्सक आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांनी मिळून उपचार करणे आवश्यक ठरते.

येथे स्त्रीच्या आयुष्यातील एक कठीण निर्णय पुढे उभा राहतो. हा विकार बहुधा तिशी-चाळिशीच्या दरम्यान प्रकट होतो. पाळी थांबविणारी औषधे चालू असताना गर्भ राहत नाही, आणि एंडोमेट्रिऑसिस स्वतःच अनेकींच्या मातृत्वाच्या वाटेत येतो. मूल हवे असलेल्या स्त्रीला फुप्फुस आधी की मूल आधी, याचा हिशोब मांडावा लागतो. काही औषधांनी हाडे विरळ होतात, म्हणून ती दीर्घकाळ देता येत नाहीत. या प्रश्नांना सर्वांसाठी एकच उत्तर नाही. पण उत्तर शोधण्याचा अधिकार त्या स्त्रीचा आहे, आणि तो तिला वेळेवर मिळावयाचा, तर निदानही वेळेवर व्हावयास हवे.

काही सावधगिरीच्या गोष्टी मात्र सर्वांनाच लागू आहेत. पाळीत छातीत दुखले म्हणजे फुप्फुसच मिटले, असे नव्हे. स्नायूंचे दुखणे, आम्लपित्त, आणि हृदयविकारसुद्धा त्या दिवसांत होऊ शकतो. स्त्रियांना हृदयविकार होत नाही, ही समजूत तर घातकच आहे. कळ एकाएकी आली, दम वाढत गेला, ओठ निळसर दिसू लागले, नाडी जलद झाली किंवा घेरी आली, तर शेक-मलमात एक मिनिटही न घालविता रुग्णालय गाठावे. क्वचित हवा आत शिरते पण बाहेर पडू शकत नाही. तेव्हा वाढत्या दाबाने हृदयाकडे येणारे रक्तही अडते आणि तत्काळ सुईने हवा काढणे, हाच प्राण वाचविण्याचा मार्ग उरतो. फुप्फुस पूर्ववत पसरल्याची खात्री होईपर्यंत विमानप्रवास करू नये, कारण उंचावर बाहेरचा दाब कमी होऊन छातीत अडकलेली हवा प्रसरण पावते. श्वासयंत्र लावून खोल पाण्यात उतरणे तर अशा व्यक्तींनी तज्ज्ञाच्या संमतीखेरीज पूर्णच टाळावे.

आरंभी कल्पिलेल्या शिक्षिकेकडे अखेरीस पुन्हा वळावे. तिच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर, इतर घरांतल्याप्रमाणेच, एक दिनदर्शिका टांगलेली आहे. तिच्यावर दुधाचा खाडा आहे, गॅसची टाकी लावल्याची तारीख आहे, चतुर्थी-एकादशी आहेत, आणि कोणाच्या लक्षात येणार नाही अशा एका कोपऱ्यात पाळीची बारीकशी खूण आहे. आजवर तिने तेथे एकच खूण केली होती. आता छातीत कळ आली, त्या दिवशी ती दुसरी खूण करू लागली. पाच महिन्यांत तीन वेळा दोन्ही खुणा शेजारी आल्या. तिने ती पाने काढून डॉक्टरांपुढे ठेवली, आणि पुढचा एक्स-रे कोणत्या दिवशी काढावयाचा, हे त्या पानांवरून ठरले. त्या एक्स-रेत उजव्या फुप्फुसाची कड बरगड्यांपासून बोटभर सुटलेली दिसली. तिला सोसावी लागलेली कळ तीच होती. पण आता ती मनाचा खेळ आहे, असे तिला कोणी सांगू शकत नव्हते.